खोट्या बातमीची साखर

आमच्या घरचा दिवस ट्रम्पेटच्या एका लांबलचक सुरानं उजाडायचा. बाबा यवतमाळातल्या एका शाळेत कवायत आणि बँड शिकवायचे, म्हणून सारं गाव त्यांना बँडसर म्हणायचं. शाळेच्या मागच्या तीन खोल्यांत आम्ही राहायचो. अंगणात जांभळाखाली ताई, म्हणजे माझी थोरली बहीण वैजयंती, पाय जुळवून उभी राहायची आणि बाबा तिच्यासमोर उकिडवे बसून हातानं हवेत सूर धरून ठेवायचे. हात खाली येईपर्यंत सूर तुटायचा नाही. शेजाऱ्यांनी फारच कुरकुर केली की ते ट्रम्पेटच्या तोंडावर आईचा पितळी गडवा धरायचे. मग सूर नाकातून बोलल्यासारखा यायचा आणि मला खुदकन हसू यायचं. आईला त्या वाद्याचं मुळीच कौतुक नव्हतं. "रेड्याले दाभन टोचलं का असाच वरडते," ती म्हणायची. पण ताईनं पहिली पट्टी सुरू केली की आई चहाचं आधण ठेवायची, दुसरी संपली की भाकरीचं पीठ मळायला घ्यायची. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलेलं कित्येक महिने कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

मुलीनं तोंडानं फुंकायचं वाद्य वाजवावं हे आमच्या गल्लीला पटत नव्हतं. समोरचे पांडेकाका फाटकाशी उभे राहून बाबांना विचारायचे, "काय बँडसर, पोरीले वरातीत पाठवून राह्यले काय?"

"पाठवतो ना," बाबा म्हणायचे. "तुमच्याच पोराच्या वरातीत. पन नाचावं तुमाले लागन."

नागपूरच्या फुटपाथवरून बाबांनी कधीतरी परदेशी बँडच्या काही कॅसेटी आणल्या होत्या. त्यांच्यावरची नावं पुसली गेली होती. त्या संगीताला जॅझ म्हणतात हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं. बाबा त्याला 'सुटं वाजवणं' म्हणायचे. सगळे मिळून एक चाल वाजवतात, मग एकजण उभा राहतो, चाल सोडून आपल्या मनानं वाजवतो आणि पुन्हा चालीत येऊन बसतो. बाबांना हे फार आवडायचं. आयुष्यभर मुलांना एका ओळीत चालवणाऱ्या माणसाला ते का आवडायचं, हे मी त्यांना विचारलं नाही. ताई त्या कॅसेटींच्या मागे मागे वाजवत शिकली, आणि एक दिवस तिनं त्यांना मागे टाकलं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. आमचं पोट पगारावर होतं. बोरी अरबला बाबांच्या वाट्याचं थोडं वावर होतं, ते मामा करायचा, आणि मामा काही हाय खाणारा माणूस नव्हता. पण रोज वर्तमानपत्रात जिल्ह्याचं नाव यायचं आणि त्या नावाबरोबर बाहेरची माणसं यायची. विश्रामगृहासमोर परगावच्या गाड्या उभ्या असायच्या. त्यातून उतरलेला माणूस चहावाल्याला पहिला प्रश्न विचारायचा, "इथे कुणाच्या घरी झालंय?" काय झालंय ते म्हणायची गरजच पडत नसे. चहावाला हात लांब करून रस्ता दाखवायचा. जिथं झालं होतं तिथल्या बाया भिंतीला टेकून बसायच्या आणि फोटो काढून घ्यायच्या, कारण कधीतरी त्यानंतर काहीतरी मिळायचं. मी तेव्हा कॉलेजात जात होते, ग्रंथालयातून पुस्तकं आणून वाचत होते आणि हे सगळं मला पुस्तकात कुठं सापडत नव्हतं. आता या वयात पुष्कळ सापडतं. ते लिहिणारेही बहुधा त्याच गाड्यांतून आले होते.

अशाच एका बसमधून तो वाद्यवृंद आला. मुंबईचा जॅझ ऑर्केस्ट्रा. नफ्यासाठी नाही, धर्मादाय न्यास म्हणून चालवलेला. गरीब मुलांना वाद्यं शिकवायची, देणग्यांवर कार्यक्रम करायचे, असं त्यांचं काम. त्यांचं नाव मी इथं लिहिणार नाही. ते त्यांनी स्वतःच पुष्कळ ठिकाणी लिहून ठेवलं आहे. ज्यांचे वडील गेले अशा मुलांसाठी त्यांनी बाबांच्या शाळेत आठवडाभराचं शिबिर ठेवलं. बाबांनी आपली बिगुलं, ढोल, सगळं काढून दिलं, मुलांना रांगेत बसवलं, आणि दुभाषा म्हणून ताईला दिलं.

त्यांचे बँडमास्तर आंतोन सर नावाचे एक म्हातारे गोवेकर होते, पांढऱ्या मिशांचे, कमी बोलणारे. तिसऱ्या दिवशी त्यांनी ताईच्या हातात सहज आपलं ट्रम्पेट दिलं. तिनं थोडं वाजवलं. त्यांनी दुसरं ट्रम्पेट उचलून तिला एक तुकडा वाजवून दाखवला. ताईनं तो परत दिला, पण शेवट फिरवून. म्हातारा हसला आणि आणखी अवघड तुकडा दिला. ताईनं तोही फिरवून दिला. मग कितीतरी वेळ ती दोघं एकमेकांशी भांडल्यासारखी वाजवत राहिली आणि बाकीचे वादक आपापल्या पेट्या सोडून भोवती गोळा झाले. बाबा दाराशी उभे होते. आंतोन सरांनी घाम पुसत त्यांना विचारलं, "किसने सिखाया?" बाबांनी स्वतःच्या छातीला बोट लावलं आणि एकदम लाजले. "यह लड़की हमारे साथ बजाएगी," सर म्हणाले.

मी या सगळ्यावर चिडले आहे म्हणून त्यांचं वाजवणं वाईट होतं असं कुणी समजू नये. ते फार सुंदर वाजवायचे. वाईट वाजवत असते तर माझा राग कधीच शमला असता.

न्यासाचं सगळं रोहिणी मॅडम बघायच्या. सुती साडी, मोकळं हसणं, कुणाशीही दोन मिनिटांत नातं जोडायचं. त्या आणि आंतोन सर आमच्याकडे जेवायला आले तेव्हा आईनं गोळाभात केला होता. भातावर चुरचुरीत फोडणीचं तेल, सोबत कढी आणि मिरचीचा ठेचा. मॅडम पाटावर मांडी घालून जेवल्या. बाबांना "बाबा, आणखी एक गोळा" असं म्हणाल्या आणि बाबांनी उठून स्वतः वाढलं. आईनं त्यांची खणानारळानं ओटी भरली. आणि जेवताना, पाहुण्यांना हसवायचं म्हणून, आईनं कावळ्याची गोष्ट सांगितली.

आमच्याकडे माणसाच्या डोक्यावर कावळा बसला तर तो फार मोठा अपशकुन धरतात. मग तो माणूस मेला अशी खोटीच बातमी जवळच्या नात्यात पाठवायची. नातेवाईक रडतात, आणि त्या रडण्यावर मरण फेडलं जातं. उलट आयुष्य वाढतं म्हणतात. बाबांच्या डोक्यावर भर कवायतीत कावळा बसला होता. आईनं बोरी अरबला निरोप धाडला. मामा एसटीत छाती पिटत आला, दारातून "भाऊजी हो भाऊजी" करत आत शिरला, तर भाऊजी ओट्यावर बसून गालाला साबण लावत होते. "मंग मामानं काय केलं?" मॅडमनी विचारलं. "त्यानं वस्तरा उचलला," बाबा म्हणाले, "म्हने आता खरंच मारतो." मॅडम डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. हे सगळं आमच्या ताटावर, आमच्या पाटावर बसून.

शेवटच्या दिवशी दुपारी सभागृहात कार्यक्रम होता. पुढच्या रांगेत मुंबईहून आलेले देणगीदार, त्यांच्या मागे आम्ही, आणि आमच्या मागे सगळं गाव. बाबांनी पंधरा ऑगस्टचा कोट घातला होता. शिबिरातल्या मुलांनी ढोल वाजवले, टाळ्या झाल्या. मग वाद्यवृंदाच्या पुढे ताईला उभं केलं आणि रोहिणी मॅडम माइकवर आल्या. आधी इंग्रजीत बोलल्या, मग मराठीत. "ही वैजयंती. कापसाच्या या संकटानं हिच्या डोक्यावरचं छत्र हिरावून नेलं. आज हिचे वडील असते, तर त्यांना किती अभिमान वाटला असता."

थोडा वेळ कुणाला काही समजलं नाही. मग मागून पांडेकाकांचा आवाज आला, "अहो बँडसर, तुमी कवा गेले? सांगतलं नाही!" आणि अर्धं सभागृह खदाखदा हसलं. पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी चमकून मागे पाहिलं. शोकाच्या प्रसंगी हसणारी ही कसली माणसं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. मॅडमनी हात वर करून शांत राहायला सांगितलं.

ताईनं ट्रम्पेट खाली केलं होतं. ती बाबांकडे बघत होती. बाबा अर्धे उठले. मला वाटलं आता बोलतील; कवायतीच्या मैदानावर त्यांचा आवाज पार रस्त्यापर्यंत जायचा. आई त्यांच्याकडे बघत होती. बाबांनी कोटाची बाही मागे सारली आणि हात उचलला, अंगणात उचलायचे तसा, आणि बोटांनी ठेका दिला. ताईनं डोळे मिटले आणि वाजवलं. ती तसं पुन्हा कधी वाजवू शकली नाही, असं ती स्वतःच मला म्हणत असे.

कार्यक्रम संपल्यावर आई कुणासाठी थांबली नाही. पडद्यामागे जाऊन तिनं मॅडमना गाठलं. "माह्या कपायावरचं कुकू दिसत नाही काय तुले?" तिनं विचारलं. "काल माह्याच हातची ओटी घेतली ना तू?"

मॅडमनी आईचे दोन्ही हात धरले. "काकू, मी तुमची माफी मागते. पण ऐका. मुंबईत शिकण्याची, राहण्याची, पुढे ऑर्केस्ट्रात घेण्याची ही एकच जागा आहे. देणगीदारानं ती वडील गेलेल्या मुलीसाठीच दिली आहे. मी भांडून पाहिलं. शिबिरातल्या एकाही मुलाच्या हातात हे नाही जे हिच्या हातात आहे. मी दुसरं काय करू? आणि तुम्हीच सांगितलंत ना, खोट्या बातमीनं आयुष्य वाढतं?"

"वाढते," आई म्हणाली. "पन खोटी बातमी धाडली का दुसऱ्या दिवशी साखर घेऊन जावं लागते. मानूस जिवंत हाये म्हून घरोघर सांगावं लागते. तू साखर कवा वाटतं, ते सांग."

मॅडमनी आईचे हात सोडले आणि त्या पाहुण्यांकडे वळल्या. ती साखर त्यांनी कधीच वाटली नाही.

घरी आल्यावर ताईनं ट्रम्पेट पेटीत टाकलं आणि म्हणाली, "मी नाही जात."

"काहून?" बाबा म्हणाले.

"तुमी मेले म्हून मी वाजवू काय?"

"मी कोठी मेलो? हा काय बसलो तुह्यासमोर. दोन मुटके खाल्ले आताच."

"तिथं कोनी इचारलं तर काय सांगू?"

"सांग मेले म्हून. मुंबईतले लोक काय माह्या तेराव्याले येऊन राह्यले?" ते हसले. आम्ही कुणी हसलो नाही. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "वैजू, इथं राह्यली तर तू माह्यावानी बिगुल शिकवशीन. तेही नोकरी भेटली तर. मी तिथं मेलो तर माह्यं काय जाते? तू वाजव."

"आन तुमी आयकाले आले तर?"

"काका म्हून येईन."

आई रात्रभर... नाही, मी तिथं जागी नव्हते, उगाच सांगू नये. सकाळी ती उठली तेव्हा तिनं काय ठरवलं होतं ते दिसलंच. तिनं ठेवणीतलं चांगलं पातळ काढलं, कपाळावर रोजच्या दुप्पट कुंकू लावलं, साखरेचा डबा उचलला आणि मला म्हणाली, "चाल." विश्रामगृहासमोर बस उभी होती. वादक आपल्या पेट्या टपावर चढवत होते. आई एकेकापुढे उभी राहिली, त्याचा हात ओढून उताणा केला, त्यावर चिमूटभर साखर ठेवली आणि म्हणाली, "वैजूचे बाबा जिवंत हायत." ढोलवाल्याला, सॅक्सोफोनवाल्याला, बसच्या ड्रायव्हरला, सगळ्यांना. त्यांना वाटलं, निरोपाची काही रीत असावी. कुणी साखर कपाळाला लावून खाल्ली, कुणी थँक यू म्हणालं, एक पोरगी वाकून आईच्या पाया पडली. "काय म्हणतायत?" तिनं रोहिणी मॅडमना विचारलं. मॅडम खिडकीशी बसल्या होत्या. "आशीर्वाद देतायत," त्या म्हणाल्या.

एकट्या आंतोन सरांनी साखर खाल्ली नाही. त्यांना मराठी येत असावं. ते मुठीत साखर धरून आईसमोर बराच वेळ मान खाली घालून उभे राहिले. मग बसमध्ये चढले. ते वाद्यवृंदात पुढे फार दिवस राहिले नाहीत एवढं मला माहीत आहे.

ताई महिन्याभरानं मुंबईला गेली. बाबांनीच तिला नागपूरला गाडीत बसवून दिलं. पुढं ती खरोखर ऑर्केस्ट्रात वाजवू लागली, परदेशी जाऊन आली, तिचे फोटो छापून आले. प्रत्येक फोटोखाली आमचे बाबा मेलेले असायचे. कधी विष घेऊन, कधी विहिरीत, एकदा नुसतेच "काळाच्या उदरात". न्यासाच्या पत्रकांत ताई मोठी होत गेली तसं बाबांचं मरण आणखी आणखी दारुण होत गेलं. ताईनं सुरुवातीला भांडणं केली. प्रत्येक वेळी तिला एकच सांगण्यात आलं, तुझी गोष्ट खोटी ठरली तर मागून येणाऱ्या मुलांच्या जागा जातील. दुसऱ्यांच्या मुलांचं ओझं पाठीवर दिलं की चांगला माणूस गप्प बसतो. हे त्या लोकांना अचूक ठाऊक असतं. आणि इकडे ज्यांचे बाप खरोखर गेले होते त्या शिबिरातल्या मुलांचं पुढं काय झालं, हे विचारायला कुणी बस आली नाही.

वाद्यवृंद एकदा नागपूरला आला. बाबा काका होऊन गेले, मी सोबत होते. दाराशी रोहिणी मॅडमनी त्यांना ओळखलं. अगदी प्रेमानं विचारपूस केली आणि एका मुलाला सांगितलं, यांना मागे बसव, पुढे पाहुणे आहेत. मागे पंख्यांची घरघर होती आणि खांब होता. बाबा सगळा कार्यक्रम मान वाकडी करून बसले. मधल्या वेळात ताई रंगमंचावरून लोकांत नजर फिरवत होती, पण आम्ही तिला दिसलो नसणार. परत येताना एसटीत ते म्हणाले, "वरचा सूर साफ लागला तिचा." एवढंच. त्यानंतर ते कधी ऐकायला गेले नाहीत. आई विचारायची, "काहून नाही जात?" तर म्हणायचे, "मेलेल्या मानसानं किती हिंडावं?" थट्टाच होती ती. पण अशा थट्टेला आम्ही कुणी हसत नव्हतो.

आम्हाला भाऊ नाही. बाबांनी चुलत्यांना बजावून ठेवलं होतं, मले आग वैजू देईन. तिनंही तसं वचन दिलं होतं. बाबा गेले ते भर उन्हाळ्यात, सकाळी, चहा हातात असताना. मी ताईला फोन लावला, बंद होता. त्या दिवशी तिचा दुपारचा कार्यक्रम होता आणि तालमीत त्यांना फोन बंद ठेवावे लागायचे. मी न्यासाच्या कचेरीत लावला. कुणी नवी मुलगी होती. मी म्हटलं, वैजयंतीला ताबडतोब निरोप द्या, तिचे वडील आज सकाळी गेले.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "मॅडम, काहीतरी चूक होतेय," ती म्हणाली. "वैजयंती मॅडमचे वडील तर त्या इथे यायच्या आधीच वारले. आपण कोण बोलताय?"

"मी तिची बहीण. वडील आज वारले. आज सकाळी."

"मॅडम, प्लीज. त्यांच्या वडिलांच्या बाबतीत काय घडलं ते सगळ्यांना माहीत आहे. असली थट्टा करू नये." ती मुलगी वाईट नव्हती. माझ्या निर्दयपणाचा तिला खरोखर राग आला होता. तिनं फोन ठेवला. मी पुन्हा लावला, ती पुन्हा बोलली, मग तिनं उचलणंच सोडलं. रोहिणी मॅडम परदेशात होत्या. घरात बाया रडत होत्या, ओसरीवर माणसं जमली होती, ऊन चढत होतं. मी मोबाइल हातात घेऊन जांभळाखाली उभी होते आणि माझे बाबा मेले आहेत हे मला कुणाला पटवून देता येत नव्हतं. चुलत्यांनी थांबता येईल तेवढं थांबून पाहिलं. शेवटी म्हणाले, "शालू, आता नाही ठेवता येत बाप्पा." आग मी दिली.

दिवे लागायच्या सुमाराला ताईचा फोन आला. कार्यक्रम चांगला झाला होता. तिच्या मागे माणसांचा हसण्याबोलण्याचा आवाज येत होता. "एवढे फोन काहून केलते वं?" तिनं विचारलं. मी सांगितलं. मागचे आवाज तसेच चालू राहिले. मग ती म्हणाली, "मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं होतं ताई," मी म्हटलं. "सकाळपासून सांगूनच राह्यली होती."